फाइन-ट्यूनिंगचा युक्तिवाद तपासायचा कसा

विश्वाचे स्थिरांक, म्हणजे निसर्गनियमांतले ठरलेले आकडे, जीवसृष्टीसाठी इतके नेमके जुळलेत की त्यांमागे बुद्धिमान निर्माता असलाच पाहिजे, हा फाइन-ट्यूनिंगचा दावा तपासायचा असेल तर आधी एकच स्थिरांक निवडा. वीस आकड्यांची यादी पाहून माणूस दिपतो, तपासत नाही.

न्यूट्रॉन घ्या. तो प्रोटॉनपेक्षा १.२९३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टने (कणांचं वस्तुमान आणि ऊर्जा मोजायचं एकक) जड आहे. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ०.५११. हा फरक ०.५११ च्या खाली गेला, तर हायड्रोजनमधला प्रोटॉन इलेक्ट्रॉन गिळून न्यूट्रॉन होऊ शकतो आणि साधा हायड्रोजन टिकत नाही. म्हणजे खालच्या बाजूला मोकळीक ०.७८२ ची. न्यूट्रॉनच्या एकूण वस्तुमानाशी (सुमारे ९३९.६) ताडली तर ती जेमतेम ०.०८ टक्के भरते. फरकाशीच ताडली तर ६० टक्के! भौतिकी तीच, बदललं फक्त माप. म्हणून कुठलीही टक्केवारी दिसली की पहिला प्रश्न: कशाच्या टक्के?

कार्बनचंही तसंच. ताऱ्यांत कार्बन पुरेसा बनायला त्याच्या अणुकेंद्राची एक ऊर्जापातळी नेमक्या जागी हवी, असं म्हणतात. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी १९५३ मध्ये कार्बन-१२ च्या (नेहमीच्या कार्बनच्या) ज्या ऊर्जापातळीचं भाकीत केलं, ती ७.६५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास सापडली. पण १९८९ मधल्या गणितात ती पातळी ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टने सरकवूनही कार्बनच्या निर्मितीत फारसा फरक पडला नाही.

आता शक्यता मांडा. पुरावा पाहण्याआधी निर्माता असल्याची बाजू समजा १ ला १०००, म्हणजे ‘नाही’चं पारडं हजारपट जड. निर्माता असेल तर असं विश्व मिळण्याची शक्यता ०.१, नसेल तर दहा लाखांत एक. या दोन शक्यतांचा भागाकार १,००,०००; त्याने आधीची बाजू गुणली की ती उलटून १०० ला १ होते. दुसरा आकडा (निर्माता नसतानाचा) शंभरात एक धरा: भागाकार १० आणि बाजू १ ला १००. सगळा भार त्या एका आकड्यावर, आणि तो ठरतो स्थिरांकाला किती पल्ला मोकळा होता यावर. पल्ला अनंत धरला तर सर्व किमतींना सारखी शक्यता वाटताच येत नाही, गणितच कोसळतं. ०.१ हाही निकाल पाहून ठरवायचा नाही. निर्मात्याला अणूंचीच गरज का पडावी, हे आधी सांगता आलं पाहिजे.

नेहमीची चूक म्हणजे वेगवेगळ्या स्थिरांकांच्या शक्यता सरळ गुणणं. ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे दाखवल्याशिवाय तो गुणाकार म्हणजे ‘पी हळद अन् हो गोरी’.

उलट बाजूचीही एक पळवाट बंद करा. ‘विश्व असं नसतं तर आपण नसतोच, मग नवल कसलं?’ याला तत्त्वज्ञ जॉन लेस्ली यांचं उदाहरण पुरतं: पन्नास नेमबाजांनी तुमच्यावर गोळ्या झाडल्या, सगळ्यांचा नेम चुकला. तुम्ही जिवंत आहात म्हणूनच विचारू शकता, हे खरं. तरी सगळेच का चुकले, हा प्रश्न उरतोच.

सर्वांत चिवट उदाहरण विश्वस्थिरांकाचं, म्हणजे रिकाम्या अवकाशातल्या ऊर्जेच्या मापाचं. पोकळीच्या ऊर्जेचा ढोबळ अंदाज निरीक्षणापेक्षा सुमारे १२० शून्यांनी जास्त येतो. भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८७ मध्ये दीर्घिका बनण्याच्या अटीवरून या स्थिरांकाची कमाल मर्यादा काढली. १९९८ च्या सुपरनोव्हा निरीक्षणांतून मिळालेली किंमत तिच्या आत बसली. वेगवेगळ्या स्थिरांकांची असंख्य विश्वं आहेत असं मानणारे बहुविश्ववादी याचा आधार घेतात. त्यांनाही वरचाच प्रश्न विचारा: त्या असंख्य विश्वांत किमतींचं वाटप कसं झालं, आणि ते कुठल्या नियमाने?