टँकर स्क्वाड्रनचा इतिहास कसा मांडावा: सुरुवात इंधनाच्या हिशेबापासून

लढाऊ स्क्वाड्रनचा इतिहास लिहायला घेतला की लक्ष्य, हल्ले, पाडलेली विमानं असा मसाला आयता हाती लागतो. हवेत दुसऱ्या विमानांना इंधन देणाऱ्या टँकर स्क्वाड्रनच्या नोंदी मात्र जमाखर्चाच्या वहीसारख्या असतात: कोणी, कोणाला, कुठे, किती इंधन दिलं. इतिहासही त्याच रकान्यांत मांडला तर उलगडतो. नमुन्यादाखल ब्रिटिश हवाई दलाची ५५ आणि ५७ ही व्हिक्टर टँकरची स्क्वाड्रनं घेऊ.

आधी तीन पट्ट्या आखा: क्रमांक, विमान, तळ. तिन्ही वेगवेगळ्या वेळी बदलतात आणि बहुतेक घोळ इथेच होतो. ५५ स्क्वाड्रनकडे १९६० साली हॉनिंग्टनला व्हिक्टर बॉम्बर आली. १९६५ साली ते मारहॅमला गेलं आणि टँकर स्क्वाड्रन झालं. ५७ ची व्हिक्टर १९८६ साली संपली, ५५ ची १९९३ साली. पुढे ५५ हाच क्रमांक क्रॅनवेलच्या प्रशिक्षण विमानांना मिळाला. तेव्हा '५५ स्क्वाड्रनने इंधन भरलं' एवढं लिहून भागत नाही, साल हवंच.

बदलापुढे कारण लिहा. १९६५ सालची धावपळ व्हॅलिअंट विमानांमुळे झाली. त्याआधी २१४ स्क्वाड्रन व्हॅलिअंट टँकर चालवत होतं, पण पंखांच्या मुख्य तुळयांना धातूच्या थकव्याने तडे गेलेले आढळले आणि जानेवारी १९६५ मध्ये सगळा ताफाच सेवेतून काढावा लागला. व्हिक्टरचं रूपांतर घाईत करावं लागलं. म्हणूनच पहिल्या व्हिक्टर टँकरवर फक्त पंखांखालचे दोन पॉड, म्हणजे इंधन देण्याची होज (लवचिक नळी) असलेले डबे, होते.

त्यासाठी प्रत्येक आवृत्तीपुढे होज किती, हे नोंदवा. पंखाखालच्या पॉडमधून इंधन कमी वेगाने जातं, ते लढाऊ विमानांना पुरतं. मोठ्या विमानाला पोटाखालची जाड होज लागते. ती नंतरच्या तीन होजच्या विमानांत आली. के-२ ही आवृत्ती ५५ स्क्वाड्रनला १९७५ साली मिळाली, तीही तीन होजची. १९६५ च्या मध्याला व्हिक्टरने व्हल्कन या मोठ्या बॉम्बरमध्ये इंधन भरल्याचं कुठे वाचलंत, तर ती तारीख दोनदा तपासा.

आता एक मोहीम घेऊन तक्ता करा. फॉकलंड युद्धात ब्रिटिश व्हल्कन बॉम्बरनी असेन्शन बेटावरून उडून पोर्ट स्टॅन्लीवर हल्ले केले, ती मोहीम म्हणजे ब्लॅक बक; तिची पहिली फेरी यासाठी उत्तम. तारीख लिहिताना जपा: उड्डाण ३० एप्रिल १९८२ च्या रात्री, बॉम्ब १ मे रोजी पहाटे. सगळ्या वेळा ग्रीनिच प्रमाणवेळेत लिहा. असेन्शन बेटापासून पोर्ट स्टॅन्ली सुमारे ६,३०० किलोमीटर. ११ व्हिक्टर आणि २ व्हल्कन उडाली. एका व्हल्कनच्या केबिनची खिडकी नीट बंद होईना म्हणून राखीव असलेलं दुसरं व्हल्कन, एक्सएम६०७, पुढे गेलं.

प्रत्येक विमानाला एक ओळ. रकाने: वेळ, देणारा, घेणारा, किती पौंड, उरलेलं इंधन, असेन्शनपर्यंतचं अंतर. शेवटचे दोन रकाने टाळू नका, खरी गोष्ट तिथेच कळते. शेवटच्या टप्प्यात वैमानिक टक्सफर्ड यांच्या एक्सएल१८९ या व्हिक्टरमधून इंधन घेताना एक्सएच६६९ या दुसऱ्या व्हिक्टरचा प्रोब, म्हणजे इंधन घ्यायची पुढे आलेली नळी, वादळी हवेत तुटला. प्रोब नाही म्हणजे पुढे इंधन घेता येणार नाही, म्हणून भूमिकांची अदलाबदल झाली: दिलेलं इंधन टक्सफर्ड यांनी परत घेतलं आणि व्हल्कनबरोबर तेच पुढे गेले. तुटलेला तुकडा टक्सफर्ड यांच्या होजच्या टोकाच्या टोपलीत अडकला असण्याची भीती होती, म्हणून व्हल्कनने जवळ जाऊन ती पाहून घेतली. व्हल्कनला दिल्यावर टक्सफर्ड यांच्याकडे असेन्शनपर्यंत पोचण्याइतकं इंधन उरलं नव्हतं, तरी बॉम्ब पडल्याचा संदेश येईपर्यंत त्यांनी रेडिओवर मदत मागितली नाही. 'उरलेलं इंधन' आणि 'अंतर' शेजारी ठेवले की त्या शांततेची किंमत आकड्यात दिसते.

एकूण इंधन किती, यावर मात्र डोळे मिटून विश्वास नको. ११ लाख हा आकडा कधी पौंडांत येतो, कधी गॅलनमध्ये. ताडून पाहणं सोपं आहे. एका के-२ मध्ये जास्तीत जास्त सुमारे १,२३,००० पौंड मावतात, म्हणजे अकरांत साडेतेरा लाख. विमानाच्या इंधनाचा ब्रिटिश गॅलन साधारण ८ पौंडांचा, म्हणजे ११ लाख गॅलन हे ८८ लाख पौंड होतील. काही व्हिक्टर परतून पुन्हा उडाली हे धरलं तरी एवढं बसत नाही. पौंडच बरोबर.

मूळ नोंदींसाठी लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात 'एआयआर २७' ही मालिका पाहा. स्क्वाड्रनचा महिन्याचा गोषवारा त्यातल्या ५४० क्रमांकाच्या फॉर्मवर असतो. हा फॉर्म घटनेनंतर भरला जातो, म्हणून तो वैमानिकांच्या उड्डाण-वह्यांशी जुळवा. आणि नुसत्या विमानक्रमांकावरून श्रेय एका स्क्वाड्रनला देऊ नका: असेन्शनवर ५५ आणि ५७ दोन्हींची माणसं व विमानं एकत्र होती.

आग्र्याच्या आपल्या ७८ स्क्वाड्रनलाही हीच पद्धत चालते. आयएल-७८ विमानं २००३ साली आली. २००४ मध्ये जॅग्वार अलास्काला गेली आणि २००८ मध्ये पुण्याच्या लोहगावची सुखोई-३० अमेरिकेतल्या रेड फ्लॅग या हवाई युद्धसरावाला गेली, ती याच टँकरच्या साथीने. इथे प्रत्येक टप्प्यावर किती इंधन दिलं ते सहसा जाहीर होत नाही. तो रकाना कोरा ठेवा आणि मार्ग, थांबे, घेणारी विमानं एवढंच भरा.