स्पॅनिशमधला ‘बांको’: बँक की बाक?

सोलापुरात घरबसल्या स्पॅनिश शिकणाऱ्यांना ‘बांको’ हा शब्द सुरुवातीच्या पाठांतच भेटतो आणि ‘बँक’ एवढाच अर्थ वहीत टिपून पुढे जाण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात ‘बाक’ हा त्याचा दुसरा अर्थही तितकाच रोजच्या वापरातला आहे.

अर्थ ठरवताना आधी क्रियापद पाहावे. ‘मे सेन्ते एन एल बांको’ या वाक्यात ‘मे सेन्ते’ म्हणजे ‘मी बसलो’ किंवा ‘मी बसले’, त्यामुळे हा सिद्धेश्वर तलावाकाठी विसावण्याजोगा बाकच ठरतो. उलट ‘आब्री ऊना क्वेन्ता एन एल बांको’ यात खाते उघडल्याचा उल्लेख असल्याने नवी पेठेतल्या एखाद्या बँकेची शाखा डोळ्यांसमोर यायला हवी. ‘एल’ या उपपदावर मात्र विसंबू नये, कारण दोन्ही अर्थी हा शब्द पुल्लिंगीच राहतो.

तेवढ्याने उलगडा झाला नाही, तर ‘दे’ (म्हणजे ‘चा/ची/चे’) नंतरचा शब्द वाचावा. ‘बांको दे मादेरा’ म्हणजे लाकडी बाक, ‘बांको दे आरेना’ म्हणजे पाण्यातला वाळूचा दांडा, ‘बांको दे पेसेस’ म्हणजे माशांची झुंड, तर ‘बांको दे सांग्रे’ म्हणजे रक्तपेढी. येथे मराठीनेही सावकारी पेढीच उसनी घेतली आहे, ही गंमत स्मरणाला मदत करते.

‘बांका’ हे स्त्रीलिंगी रूप वेगळे असून ते सहसा एकूण बँकिंग व्यवसायासाठी येते, पण मेक्सिकोतील मजकुरात बागेतल्या बाकालाही ‘बांका’च म्हटलेले आढळते.