लॅटिनो विद्यार्थ्यांच्या वर्गावर शिकवायला येणाऱ्यांसाठी

कॅलिफोर्नियातील सार्वजनिक विद्यापीठात पीएचडीसाठी येणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला बहुधा लवकरच टीचिंग असिस्टंट म्हणून पदवीच्या वर्गासमोर उभे राहावे लागते आणि त्या वर्गात लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे, विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. त्यांतील पुष्कळ जण घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेले असतात. हे काम करताना मला जे उमगले, ते नव्याने येणाऱ्यांसाठी येथे मांडते.

यांपैकी अनेक विद्यापीठे ‘हिस्पॅनिक सर्व्हिंग इन्स्टिट्यूशन’, म्हणजे हिस्पॅनिक (ढोबळमानाने लॅटिनोच) विद्यार्थ्यांची सेवा करणारी संस्था, म्हणवतात. अमेरिकेच्या उच्च शिक्षण कायद्यात १९९२ साली समाविष्ट झालेल्या या दर्जाची मुख्य अट अशी, की पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी किमान २५ टक्के हिस्पॅनिक असावेत. हा आकडा प्रवेशाचा आहे. त्यांतले किती जण पदवी घेऊन बाहेर पडतात, हे त्यावरून कळत नाही.

खरी सेवा कशी असते, हे पुएन्ते प्रकल्पात दिसते. १९८१ साली हेवर्ड येथील शाबो कॉलेजात सुरू झालेल्या या उपक्रमाने लेखनाचे शिक्षण, समुपदेशन आणि समाजातील अनुभवी व्यक्तींचे मार्गदर्शन ही तिन्ही कामे एकत्र आणली. शिक्षक आणि समुपदेशक मिळून वर्ग सांभाळत असल्यामुळे मदतीसाठी विद्यार्थ्याला अनोळखी दार ठोठवावे लागत नाही. मला यातले हेच सर्वांत मोलाचे वाटते, कारण ज्याच्या घरी कोणी कॉलेज पाहिलेले नाही, त्याला शिक्षकाकडे जाऊन शंका विचारणे हा आपला हक्क आहे, हेच पुष्कळदा माहीत नसते.

म्हणून ‘ऑफिस अवर्सना’, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखलेल्या वेळेत, ‘या’ एवढे सांगून थांबू नका. तिथे नेमके काय होते ते पहिल्याच तासाला समजावून सांगा, पहिली छोटी चाचणी लवकर घ्या आणि जो मागे पडलेला दिसेल त्याला स्वतःहून, एकट्याला गाठून बोलवा. अनेक जण नोकरी करून, घरच्या जबाबदाऱ्या सांभाळून शिकतात. उशिरा आलेल्या गृहपाठाची चौकशी वर्गासमोर करू नये.

कोणाच्याही नागरिकत्वाची किंवा कागदपत्रांची विचारपूस कधीही करू नका. कॅलिफोर्नियात २००१ च्या एबी ५४० कायद्यामुळे, राज्यातील हायस्कूलमध्ये ठरावीक काळ शिकलेल्या आणि कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्यांनाही स्थानिकांइतकेच शुल्क पडते. विद्यार्थ्याने आपणहून विषय काढला, तर सल्ला देण्याऐवजी त्याच्या संमतीने त्याला अशा विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या कॅम्पसवरील केंद्रापर्यंत सोबत न्या.