सप्टेंबरात अलास्का क्रूझला जाणार असाल तर

नाशिकहून बरेच जण आता अलास्का क्रूझचं विचारतात, तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बघा, जून-जुलैपेक्षा भाडं बहुतेक वेळा कमी असतं आणि गर्दीही. हंपबॅक व्हेल तेव्हा अजून तिकडेच असतात (नंतर बरेचसे हवाईकडे निघतात), नद्यांत सॅल्मन असतात म्हणून अस्वलं दिसायचा चान्स, आणि रात्री परत अंधाऱ्या व्हायला लागतात म्हणून आकाश मोकळं असेल तर नॉर्दर्न लाइट्ससुद्धा. पण पाऊस! केचिकन, जुनो ही क्रूझची बंदरं आहेत तो पट्टा सप्टेंबरात चांगलाच भिजतो, दिवसा १२-१४ डिग्री, म्हणजे इगतपुरीचा पाऊस आणि निफाडची थंडी एकदमच समजा.

त्यामुळे एक जाडजूड जॅकेट नेण्यापेक्षा आत थर्मल, वर फ्लीस आणि सगळ्यात वर वॉटरप्रूफ, असं काढता-घालता येईल ते घ्या. जीन्स भिजली की वाळत नाही, आणि डेकवरच्या वाऱ्यात छत्री कसली टिकते.

दुर्बीण मात्र न्याच, नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला वापरता तीच ८ बाय ४२ वाली (म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी) चालेल, जास्त झूमची घेतली तर हलत्या जहाजावर चित्र नुसतं थरथरतं. जहाज ग्लेशियर (हिमनदी) बघायला जातं त्या दिवशी बुफेच्या रांगेत अडकू नका, सकाळीच पुढच्या डेकवर जागा धरा.

आणि व्हिसा: व्हँकुव्हरहून निघणारी क्रूझ असेल तर अमेरिकेसोबत कॅनडाचाही लागतो, तिकीट काढायच्या आधी हे बघा.