पावसाळ्यातील कासदाह: कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप

इगतपुरी-त्र्यंबककडे झड लागते, सिन्नर-निफाडकडे गोठ्यात चिखल होतो आणि दुभत्या जनावरांत कासदाह म्हणजेच दगडी वाढते. धार काढल्यावर सडाचे तोंड अर्धा तास तरी उघडे असते. तेवढ्यात जनावर शेणमुतात बसले की जंतू आत शिरतात. म्हणून धार संपताच गव्हाणीत वैरण टाका, म्हणजे ते उभे राहील.

रोज प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर घेऊन बघा. गाठी किंवा पाणचट दूध दिसले की त्याच दिवशी लेप सुरू करा. लेपाचा गुण सुरुवातीलाच येतो. कास दगडासारखी घट्ट झाल्यावर नुसत्या लेपावर विसंबू नका.

एका दिवसासाठी कोरफड २५० ग्रॅम, हळद पूड ५० ग्रॅम आणि पानाला लावतात तो खायचा चुना १५ ग्रॅम घ्या. कोरफडीचे काटे काढा, साल राहू द्या. तिन्ही एकत्र वाटले की लगदा लाल होतो. रंग पिवळाच राहिला तर चुना शिळा आहे, तो बदला. चुना काट्यावर मोजूनच घाला. जास्त झाला की सडाची कातडी भाजते, जनावर हात लावू देत नाही, दूध कासेत तुंबते आणि दुखणे वाढते.

कास धुऊन पुसा, बाधित सड पूर्ण पिळून रिकामा करा. मूठभर लगद्यात १५० ते २०० मिली पाणी घालून तो सगळ्या कासेला चोळा. दिवसातून दहा वेळा, सलग पाच दिवस, दर वेळी आधीचा थर धुऊन. बहुतेकांचे इथेच चुकते: सकाळ-संध्याकाळ लावतात आणि गुण नाही म्हणून सोडून देतात. लगदा रोज ताजाच करा. सोबत तीन दिवस रोज दोन लिंबे चिरून खाऊ घाला.

आजारी जनावराची धार सर्वांत शेवटी काढा. ते दूध वासराला पाजू नका, गोठ्यातही सांडू नका. लांब खड्ड्यात पुरा.

ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, चारा सुटला, दुधाऐवजी रक्ताळ, घाण वासाचे पाणी आले किंवा कास थंड व निळसर पडली तर लेपात वेळ घालवू नका. तासातासाने सड निकामी होत जातो, जनावरही दगावते. पशुवैद्यकाला लगेच बोलवा, किंवा फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ वर फोन करा.