पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करताय? या चुका टाळा

विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि नौपाड्यापासून नेरुळपर्यंत घरोघरी नवीन विंडोज किंवा उबुंटू ही मोफत लिनक्स प्रणाली टाकायची लगबग सुरू झाली. त्यासोबत तेच जुने घोळही परत आले. बहुतेक वेळा दोष पेनड्राइव्हवर ढकलला जातो. पेनड्राइव्ह बिचारा ठीक असतो. पडद्यावर आलेला संदेश कोणी वाचलेला नसतो, एवढंच.

आधी किरकोळ चुका उरकून घेऊ.

आयएसओ फाइल (अख्ख्या इन्स्टॉलरची एकच फाइल) पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करून तो बूटेबल, म्हणजे संगणक सुरू करू शकणारा, होत नाही. रुफस, किंवा उबुंटूसारख्यांसाठी बलेना एचर, वापरून ती लिहावी लागते. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल सगळ्यात बिनधोक. वेंटॉय हे टूल मात्र अपवाद आहे, त्यात फाइल थेट टाकली तरी चालते. पण पहिल्यांदा पेनड्राइव्हवर वेंटॉय बसवताना आधीचं सगळं पुसलं जातं. लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह या कामाला घेऊ नये, हे सांगावं लागतं याचंच नवल.

स्टेशनबाहेर दोनशे रुपयांत ५१२ जीबी मिळत असेल तर तो ५१२ जीबी नसतो. आतली चिप लहान असते, फक्त आकडा खोटा दाखवते, आणि खऱ्या जागेपलीकडे लिहिलेलं हवेत जातं. मग इन्स्टॉलेशन फाइल कॉपी करताना मध्येच अडतं आणि लोक लॅपटॉपला शिव्या घालतात. शंका असेल तर खरी जागा तपासणारं एच२टेस्टडब्ल्यू चालवून बघा. खरं तर ८ जीबी पुरतात, १६ जीबीचा चांगल्या कंपनीचा घेतला तर प्रश्नच मिटला.

डाउनलोड अर्धवट झालेली आयएसओ हाही एक नेहमीचा गुन्हेगार. रुफसमध्ये फाइल निवडली की शेजारच्या बरोबरच्या खुणेवर क्लिक करा, शा-२५६ हा त्या फाइलचा ओळख-आकडा निघतो. तो मूळ साइटवरच्या आकड्याशी जुळवायचा. एका मिनिटाचं काम, पण ते टाळून तीन-तीन तास घालवणारे पुष्कळ.

कशावरून सुरू व्हायचं ते विचारणाऱ्या बूट मेनूची की दाबून धरायची नसते, बटण चालू केल्याबरोबर टकटक मारत राहायची. एचपीला एस्केप आणि मग एफ९. डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलना एफ१२. एसुसच्या लॅपटॉपला एस्केप, पण त्याच कंपनीच्या मदरबोर्डला एफ८. गिगाबाइटला एफ१२, एमएसआयला एफ११. एसरला एफ१२ आहे खरी, पण ती अनेकदा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) बंद असते, आधी एफ२ ने आत जाऊन चालू करावी लागते. लेनोव्होच्या अनेक आयडियापॅडच्या कडेला टाचणीने दाबायचं बारीक बटण असतं, ते बहुतेकांना माहीतच नसतं.

एवढं करूनही मेनू येत नसेल तर 'शटडाउन' वर विश्वास ठेवू नका. फास्ट स्टार्टअप चालू असलेलं विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं. शिफ्ट धरून 'रीस्टार्ट' वर क्लिक करा, निळ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' मध्ये पेनड्राइव्हचं नाव दिसेल. डेस्कटॉप असेल तर पेनड्राइव्ह मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावा. हब नको.

आता मुख्य घोळ. यात डेटा जातो, म्हणून जरा सविस्तर.

कोपरखैरण्यात एका क्लासच्या ऑफिसातला लॅपटॉप. एकच ५१२ जीबी एसएसडी, त्यात सी आणि डी असे दोन भाग, म्हणजे पार्टिशन. डीमध्ये तीन वर्षांच्या फीच्या पावत्या आणि प्रश्नपत्रिका. बाईंचा अकरावीतला भाचा म्हणाला, "मावशी, सी फॉरमॅट मारतो, डीला हातच लावत नाही." बोलला ते अगदी बरोबर होतं. पेनड्राइव्ह तयार झाला, सुरूही झाला. मग सी निवडल्यावर संदेश आला, की या डिस्कवर विंडोज बसवता येणार नाही, कारण ती जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत) पद्धतीची आहे. भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ शोधला. त्यात उपाय होता: सगळी पार्टिशन डिलीट करा आणि नेक्स्ट दाबा. त्याने केलं. विंडोज वीस मिनिटांत बसलं. डी ड्राइव्ह उरलीच नाही.

उपाय चुकीचा होता का? त्या व्हिडिओपुरता नाही, कारण रिकाम्या डिस्कवर तो चालतो. पण संदेशाचा अर्थच वेगळा होता. पेनड्राइव्ह जुन्या, म्हणजे लेगसी पद्धतीने सुरू झाला होता. लेगसीत सुरू झालेलं विंडोज फक्त एमबीआर (नोंदीची जुनी पद्धत) डिस्कवर बसतं आणि यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू झालेलं फक्त जीपीटीवर. म्हणजे खोट डिस्कमध्ये नव्हती, दार चुकलं होतं.

करायचं होतं ते इतकंच. लॅपटॉप बंद करायचा, पुन्हा बूट मेनू उघडायचा. तिथे तोच पेनड्राइव्ह अनेकदा दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाआधी 'यूईएफआय' लिहिलेला. दुसरा निवडायचा. तो दिसतच नसेल तर पेनड्राइव्ह बनवताना रुफसमध्ये बहुधा एमबीआर निवडलं गेलंय. पार्टिशन स्कीम जीपीटी आणि टार्गेट सिस्टिम यूईएफआय ठेवून तो परत बनवा.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधीच कळतं. चालू विंडोजमध्ये विंडोज की आणि आर दाबून 'एमएसइन्फो३२' (msinfo32) टाका. 'बायोस मोड' समोर यूईएफआय आहे की लेगसी ते वाचा आणि पेनड्राइव्ह त्याच पद्धतीचा बनवा. माझ्या मते हे न बघता रुफस उघडणाऱ्याच्या हातात दुसऱ्याचा लॅपटॉप देऊच नये.

डिलीट झालंच असेल तर तिथेच थांबा, नेक्स्ट दाबू नका. पार्टिशन डिलीट केल्यावर फक्त नोंद जाते, डेटा जागेवर असतो, आणि टेस्टडिस्क या टूलने ती नोंद बऱ्याचदा परत आणता येते. फॉरमॅट झाला की विंडोज एसएसडीला ट्रिमचा, म्हणजे जुना डेटा मोकळा करायचा, आदेश पाठवते आणि मग लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात कितीही फेऱ्या मारा, हाती फारसं काही लागत नाही.

दुसरी आवडती चूक: काहीही अडलं की आधी सिक्युअर बूट (फक्त खात्रीच्या सह्या असलेली प्रणाली सुरू होऊ देणारं बायोसमधलं सेटिंग) बंद करा. हा सल्ला दहा वर्षांपूर्वीचा आहे. विंडोजचा इन्स्टॉलर, उबुंटू आणि फेडोरा ही दुसरी लिनक्स प्रणाली हे सगळे सिक्युअर बूट चालू असताना सुरू होतात. वेंटॉयला पहिल्यांदा एक निळा पडदा येतो, तिथे त्याची की एकदा नोंदवली की झालं.

बंद केल्यावर काय होतं? बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये, अगदी होम आवृत्तीतही, डिस्क एन्क्रिप्ट केलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सिक्युअर बूटची स्थिती बदलली की एन्क्रिप्शनची किल्ली सांभाळणारी टीपीएम चिप कुलूप उघडायला नकार देते आणि नेहमीचं विंडोज सुरू करताना बिटलॉकर या एन्क्रिप्शनची ४८ अंकी की मागितली जाते. घाबरून लगेच फॉरमॅट मारू नका. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट होतं तसं चालू करा, बहुतेक वेळा विंडोज गुपचूप सुरू होतं. नाही झालं तर दुसऱ्या फोनवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करा, की तिथे साठवलेली असू शकते. सवय अशी लावा की बायोसला हात लावण्यापूर्वी ती की कागदावर उतरवायची आणि बिटलॉकर तात्पुरतं 'सस्पेंड' करायचं. कागदावरच, त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर नव्हे. तसंही लोक करतात.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, यादी कोरी असेल, तर एसएसडी मेली असं समजू नका. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (एसएसडी हाताळायची इंटेलची सोय) चालू असतं आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये नसू शकतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, उलगडून फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर' मधून दाखवा. नुसती ईएक्सई ठेवून चालत नाही, आयएनएफ फाइल लागते. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचा शॉर्टकट सगळे सांगतात, पण जुनं विंडोज ठेवायचं असेल तर ते त्यानंतर सुरूच होणार नाही.

पहिल्या रीस्टार्टनंतर इन्स्टॉलेशन पुन्हा 'भाषा निवडा' पासून सुरू झालं? बूट ऑर्डरमध्ये पेनड्राइव्ह कायमचा वर ठेवलाय. रीस्टार्ट होताना तो काढून घ्या. बूट ऑर्डर बदलायचीच कशाला, एकवेळचा बूट मेनू त्यासाठीच असतो.

काम झाल्यावर ३२ जीबीचा पेनड्राइव्ह कधीकधी इवलासा दिसतो. तो खराब झालेला नाही, त्यावरची पार्टिशन बदललीत. रुफसमध्ये 'नॉन बूटेबल' निवडून फॉरमॅट केला की पूर्ववत होतो. विंडोजच्या डिस्कपार्ट कमांडमध्ये 'क्लीन' (सगळं पुसणं) करणार असाल तर आधी 'लिस्ट डिस्क' मधला आकार वाचा आणि मगच नंबर टाका. डिस्क ० बहुतेक वेळा तुमच्या लॅपटॉपची असते, आणि क्लीन म्हटल्यावर डिस्कपार्ट 'नक्की का?' असं विचारत नाही.