पापणी सुजली आहे? आधी कारण ओळखा

दुखते की खाजते, हे आधी पाहा. अर्धा उलगडा तिथेच होतो.

पापणीच्या कडेला, केसाच्या मुळाशी लाल, दुखरा फोड असेल तर ती बहुधा रांजणवाडी. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या कोमट पाण्यात बुडवून पिळा आणि मिटलेल्या डोळ्यावर 5 ते 10 मिनिटे ठेवा. दिवसातून 3-4 वेळा. कापड लवकर गार होते, म्हणून ते पुन्हा पुन्हा बुडवावे लागते. बहुतेकांचा शेक इथेच फुकट जातो. फोड पिळू नका, संसर्ग आत पसरतो. काजळ आणि कॉन्टॅक्ट लेन्स बरे होईपर्यंत बंद.

कडेपासून थोडी आत, न दुखणारी टणक गाठ म्हणजे तेलग्रंथीचे तोंड बुजलेले. शेक तोच, पण उतरायला काही आठवडे लागू शकतात.

दोन्ही डोळे खाजतात, पाणी येते? मग बहुधा ॲलर्जी. इथे गार पट्टी ठेवा, चोळू नका. नवे प्रसाधन आठवून पाहा. कधी डोळ्यांत घालायचे थेंबच कारण असतात. घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब मनाने घालू नका, त्यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो.

रोज सकाळी दोन्ही पापण्या फुगतात आणि पायही सुजतात, तर लघवीची तपासणी करून मूत्रपिंडाचा आजार नाही ना, हे पाहावे लागते.

ताप, डोळा फिरवताना वेदना, डोळा पुढे येणे, दोन-दोन दिसणे किंवा नजर मंदावणे, यातले एकही असेल तर शेकत बसू नका. संसर्ग खोबणीत उतरलेला असू शकतो. त्याच दिवशी, तातडीने रुग्णालय गाठा.